कार्डात ठेवलेली माया

वलवण,
१४ जुलै २०२५

चि. सौ. अपेक्षा हिस अ. आ.

तुझं कार्ड शुक्रवारी पोहोचलं. अमृतने स्वतःचा रेनकोट काढून खोक्याला घातला होता. खोकं कोरडं, माझा भाऊ चिंब. लग्नाच्या वरातीत त्याने तुलासुद्धा इतकं जपलं नव्हतं.

आधी माझा नियम. कॉम्प्युटरवर गेमची चित्रं उमटवणारी ग्राफिक्स कार्डं तपासून मी वेबसाइटवर लिहिते, आणि कार्ड माझ्या टेबलावर असेपर्यंत ते बनवणाऱ्यांशी फोनवर बोलत नाही. जे असेल ते लेखी, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं. आता बनवणारी माझीच भावजय, तेव्हा नियम जास्तच पाळायला हवा. अमृत रोज ड्यूटीला लोणावळ्याला येतो, तो आपला पोस्टमन. लिफाफ्याला त्याने हात लावावा, डोळे लावू नयेत.

कार्ड देखणं आहे. तुमच्या कारखान्याने चिपवर बसवलेल्या तांब्याच्या नळ्या आणि तीन पंखे बघून मी जरा दबकलेच. गेम चालू नसला की पंखे चक्क थांबतात. पहिल्यांदा मला वाटलं, बिघडलं. गेम सुरू केला तरी आवाज नाही. चाळिशी उलटलेली बाई तीन दिवस अर्धा-अर्धा तास गोळीबार करत बसली आहे आणि पोराटोरांकडून मरते आहे, पण चित्र कसं पाण्यासारखं वाहतं!

अमृतने एक गोष्ट सांगायला नको होती, ती सांगितली. माझं लिखाण चांगलं आलं तर मालक तुमचा वेग जुळवायचा विभाग कायम ठेवणार आणि तुला प्रमुख करणार. नाहीतर दिवाळीनंतर तो बंद, आणि तुम्ही चौघी पॅकिंगला. हे ऐकल्यापासून माउस हाताला जड लागतो.

आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
यशोताई


बेगडेवाडी,
१७ जुलै

ती. ताईंस सा. न. वि. वि.

पत्र वाचून तांब्याभर पाणी प्यायले. नणंदेच्या परीक्षेतून सुटले असं मी लग्नानंतर दोन वर्षांनी समजले होते. माझ्या भाकरीला तुम्ही कधी नाव ठेवलं नाहीत, आता कार्डाला ठेवू नका म्हणजे झालं.

अमृतना मी रागावले. ते म्हणाले, की बहिणीपासून काही लपवायची सवय नाही. माझ्यापासून लपवायची मात्र आहे, असं मी म्हटलं.

ताई, तुम्हाला माहीत आहे, पण तरी लिहिते. चिप बाहेरून येते. तिच्या मूळ कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा ती किती जोरात पळवायची, हे आम्ही चौघी ठरवतो. रूपा, चिंगी, छकुली आणि मी. चिंगीच्या वाडीत रेंज नाही, आणि ती इथे बसून कार्डाचा वेग सांगते. हा विभाग गेला तर ती परत खोकी बांधायला जाईल. मला प्रमुख नाही केलं तरी चालेल, असं म्हणवत नाही. मला व्हायचं आहे. तुम्हाला म्हणून लिहिलं.

आई विचारतात, की यशीचं खेळायचं वय अजून सरलं न्हाई व्हय.

पहिली गाडी राखी झाल्यावर मंगळवारी निघणार. तोवर तुमचं बरंवाईट कळवत राहा. आशीर्वादाचा हात असू द्या.

आपली,
अपेक्षा


वलवण,
२३ जुलै

चि. सौ. अपेक्षा हिस अ. आ.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

परवा दुपारी पहिल्यांदाच सलग खेळत बसले, आणि स्क्रीन काळी झाली. मला वाटलं, वीज गेली. पण दिवा चालू होता. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, पुन्हा खेळले, पुन्हा काळी. दुसरा गेम लावला, तरी तेच. सुरुवातीला सगळं छान असतं. मग मेमरीच्या चिपा तापत जातात आणि पाऊण तास होत आला की खेळ संपतो. मधली मुख्य चिप मात्र थंडगार आहे. तुमचे पंखे आपलं काम चोख करतात.

माझी वायर सैल असेल, माझा वीजपुरवठा कमी पडत असेल, असं सगळं धरून बघितलं. तुला काही सुचतं का? तुझ्याकडे असं झालं होतं का? मनापासून वाटतं, की चूक माझीच निघावी.

अमृतला यातलं काही सांगितलेलं नाही. तो चहा पिऊन हसत गेला.

तुझी काळजी करणारी,
यशोताई


बेगडेवाडी,
२५ जुलै

ती. वन्संस सा. न. वि. वि.

आमच्याकडे असं झालं नाही. आमच्या टेबलावर हे कार्ड सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं आहे, एकदा नाही, दर वेळी.

तुमच्या घरात पावसाळ्यात धुकं आत येतं म्हणून खिडक्या बंद. कॉम्प्युटरवर मेणकापडाचं झाकण. शेजारच्या कपाटात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून दिवसभर बल्ब पेटता. त्याला टेकून कॉम्प्युटर. अशा ठिकाणी माणूससुद्धा काळंनिळं पडेल, मग कार्डाचं काय? लोणावळ्याची हवा आमच्या पदरात घालू नका.

अमृतना मी सांगितलं. त्यांनी जेवण अर्धं सोडलं. म्हणाले, की ताईने लहानपणी माझ्या वहीतली काना-मात्रासुद्धा कधी सोडली नाही, ती हे काय सोडणार. वर हेही म्हणाले, की परक्याच्या सुनेचं कार्ड असतं तर तिने एवढं ताणलं नसतं. हे मी लिहायला नको होतं, पण तुम्हीच म्हणता, जे असेल ते लेखी.

कळावे.

अपेक्षा


वलवण,
३१ जुलै

चि. सौ. अपेक्षा हिस अ. आ.

वन्सं म्हणालीस, ते लागलं. पण तू म्हणालीस ते सगळं केलं. मेणकापड काढलं. टेबल ओढून पलीकडच्या भिंतीला नेलं. बल्ब विझवला, साड्यांना आता वास येतो आहे, येऊ दे.

तरी कार्ड बंद पडलं. मग कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकणच उघडून ठेवलं, तेव्हा दिवसभर चाललं. म्हणजे तुमच्या टेबलावर ते उघडं तपासलं जातं, हो ना? पण उघडा कॉम्प्युटर घरात कोण ठेवतं गं? पाल शिरेल.

मग याच चिपचं दुसरं साधं कार्ड आणलं, वेग न वाढवलेलं. बंद कॅबिनेटमध्ये ते निमूट चाललं. शेवटी तुझ्या कार्डाच्या मेमरीचा वेग मी थोडा खाली आणला, झाकण लावलं, आणि संध्याकाळपर्यंत खेळले. काही झालं नाही. आता खरं सांगू? साध्या कार्डावर सेकंदाला नव्वद चित्रं दिसतात, तुमच्यावर चौऱ्याण्णव, आणि मी वेग कमी केल्यावर त्र्याण्णव. या एका चित्रासाठी स्क्रीन काळी होते आहे. डोळ्याला तर फरक कळतच नाही.

तू मला शिवून दिलेला निळा ब्लाउज आठवतो? दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवली होतीस. एवढं कापड आत कशाला दडवलंस असं विचारलं, तर म्हणालीस, की माणूस बदलतं, उसवायला जागा हवी. या कार्डात माया अजिबात नाही. कापडाच्या अगदी काठावर टीप घातली आहे. धूळ बसली, उन्हाळा आला, की उसवणार.

म्हणून विचारते. हा हात तुझा वाटत नाही. कुणाचा आहे?

रागावलीस तरी लिहीत जा.

यशोताई


बेगडेवाडी,
३ ऑगस्ट

ती. ताईंस सा. न. वि. वि.

माया मी ठेवली होती.

मेमरीचा माझा आकडा खालचाच होता. खोकी छापायला जायच्या आदल्या दिवशी मालकांनी दुसऱ्या कारखान्याचं खोकं आणून टेबलावर आपटलं. त्यावरचा आकडा आमच्यापेक्षा मोठा होता. म्हणाले, की गिऱ्हाईक आत बघत नाही, खोक्यावर बघतं. आपला आकडा वर न्या. मी नेला. उघड्या टेबलावर चाललं, म्हणून सही केली. बंद कॅबिनेट आमच्याकडे नाहीच, आणि मी मागितलंही नाही.

आता खोकी छापून आली आहेत. गाडी राखीनंतरच्या मंगळवारी. तुमचं लिखाण त्याआधी आलं तर माल अडेल आणि खापर आमच्या विभागावर फुटेल. चिंगीला मी अजून काही बोललेले नाही. काल तिने घरून रानातली भाजी आणली होती, मी घेतली, पण खाल्ली नाही.

ताई, दहा दिवस थांबाल? गाडी जाऊ दे. मालक मला प्रमुख करू देत. मग मी स्वतः वेग खाली आणीन, पुढच्या मालापासून. देवाशपथ आणीन. एवढं एकच मागते.

तुमची,
अपेक्षा


वलवण,
५ ऑगस्ट

चि. सौ. अपेक्षा हिस अ. आ.

नाही थांबता येणार.

पुढच्या मालापासून म्हणतेस, पण या गाडीतली कार्डं कुणाच्या तरी घरी जाणार. कुणीतरी वर्षभर घरच्यांच्या मागे लागून ते घेईल, आणि स्क्रीन काळी झाली की त्याला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. मलाही तसंच वाटलं होतं. माझ्यावर विश्वासून कार्ड घेणाऱ्याला मी हे माहीत असून सांगितलं नाही, तर मग मी काय तपासते?

लिखाण रविवारी सकाळी जाईल. तोवर चार दिवस तुझे आहेत. मालकांकडे तू आधी जा. माझ्या टेबलावर दिसलं तेवढंच मी लिहीन: पंखे उत्तम, वेग जास्त, कमी केला की कार्ड चांगलं. आकडा कुणी वाढवला, ते तुझ्या पत्रातलं आहे. ते कुणाला सांगायचं की नाही, हे तू ठरव.

शनिवारी राखी आहे. अमृत आला नाही तर मी समजून घेईन असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला फार वाईट वाटेल.

पत्र संपवताना लोभ असावा असं लिहितात. आज तो शब्द नको. कार्डात तोच जास्त झाला आहे.

तुझीच,
यशोताई


बेगडेवाडी,
१७ ऑगस्ट

ती. ताईंस सा. न. वि. वि.

अमृत राखीला आले, पण तुमच्याशी धड बोलले नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. माझ्याशीही बोलत नव्हते. आई म्हणाल्या, की दोघी बायकांनी मिळून माझ्या लेकाची वाचाच नेली.

तुमचं पत्र मिळालं त्या रात्री तुमचा फार राग आला. गुरुवारी मी घरचा कॉम्प्युटर रिक्षात घालून कारखान्यात नेला, आपलं कार्ड त्यात बसवलं, झाकण लावलं आणि मालकांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, खेळा. ते म्हणाले, की मला खेळता येत नाही. मग मीच खेळले, ते फोनवर बोलत बघत राहिले. मला वाटायला लागलं, की आज नेमकं हे बंद पडणार नाही आणि मी वेडी ठरणार. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. त्यांनी बोलता बोलता फोन कानावरून खाली घेतला.

मग फार ओरडले. सही तुझी आहे, म्हणाले. मी म्हटलं, की हो, माझीच आहे, आणि आता मी ती माझ्या आकड्यावर करणार. मग विकायचं काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की आपलं कार्ड मध्येच थांबत नाही, हे विका. ते बाहेर निघून गेले.

रविवारी तुमचं लिखाण आलं. आम्ही चौघी ते कारखान्यात सोमवारी वाचत असताना मागे मालक उभे होते. मंगळवारची गाडी गेली नाही. सगळी कार्डं आम्ही माझ्या वेगावर आणली, खोक्यावरच्या आकड्यावर नवा चिकटवला, आणि गाडी गुरुवारी गेली. चिंगी म्हणाली, की लय चिकटवलं, आता स्वप्नातबी डिंकच येतोय.

विभागाचं दिवाळीनंतर बघू, एवढंच मालक म्हणाले आहेत. प्रमुखपदाचं तर कुणी नावही काढत नाही. पण काल सकाळी कामावर गेले, तर माझ्या टेबलावर एक नवं कार्ड होतं आणि शेजारी नवंकोरं बंद कॅबिनेट. चिठ्ठी नाही, निरोप नाही; पण खरेदीवर सही मालकांचीच लागते.

कार्ड आत बसवून झाकण लावलं आहे. तपासणी होईपर्यंत कुणी ते उघडायचं नाही, म्हणून त्याचे स्क्रू काढायचा स्क्रूड्रायव्हर मी घरी घेऊन आले. आत्ता हे लिहिताना तो माझ्या पर्समध्ये आहे.

तुमची,
अपेक्षा