बटणच्या लशीचे कार्ड

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सुईत दोरा ओवायला आता दुसऱ्याचे डोळे लागतात, पण आयुष्यात काय केले आणि काय करायचे राहिले हे मला चांगले आठवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी उरलेले नाही. यापूर्वी एक मृत्युपत्र ह्यांच्या सांगण्यावरून केले होते, ते मी रद्द करते. त्यात सगळे मुलाला दिले होते आणि खरे काहीच लिहिले नव्हते.

कलम एक. राहते घर दुमजली आहे. ह्यांच्या पश्चात ते रीतसर माझ्या नावावर झाले असून त्यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. वरच्या दोन खोल्या मुलाला. आरशाचे कपाट नणंदेला. तीस वर्षे ती म्हणत आली की ते तिच्या आईचे आहे. आहेच. घेऊन जावे. फक्त दार निखळल्याचे खापर माझ्यावर फोडू नये, ते तिच्या आईच्या वेळेपासून तसेच आहे.

कलम दोन. दोन्ही शिवणयंत्रे, इस्त्री, कापायचे टेबल आणि मोठी कात्री माझ्याकडे एकतीस वर्षे काजे-बटणे करणाऱ्या बाईला. कात्री कागदाला लावू नये. तिने माझे काम केले त्याचा पगार मी दिला. माझे बोलणे ऐकून घेतले त्याचा दिला नाही.

कलम तीन. रस्त्याकडे दार असलेली तळमजल्याची खोली, जिथे मी शिवणकाम केले, ती मी तेवीस वर्षांपूर्वी समोरच्या घरात राहायला आलेल्या ट्रकड्रायव्हरच्या मुलीला देते. ती मला ओळखत नाही. मुलाला हे वाचून धक्का बसेल, म्हणून कारण लिहिते. वकील म्हणाले, "बाई, कारण लिहायची गरज नसते." गरज मला आहे.

बटण हा आमचा कुत्रा. मुलाने तो पिशवीत घालून आणला तेव्हा बटणाएवढे नाक सोडले तर त्याच्यात पाहण्यासारखे काही नव्हते. दीड वर्षात तो माझ्या कमरेला लागला. आणला मुलाने, परवाना आणि लशीचे कार्ड माझ्या नावावर, आणि पाहुण्यांसमोर मिरवायला हे. त्याने आधी पेपरवाल्याच्या पोटरीला दात लावले, मग एका गिऱ्हाइकाचा बाहीसकट हात धरला. दोन्ही वेळा आम्ही माफी मागून निभावले. "खेळतोय तो," असे हे म्हणायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी मला बजावले होते की हा खेळत नाही, याच्या तोंडाला जाळी बांधा. मी माप घेतले. चामड्याच्या पट्ट्याही कापल्या. शिवायच्या राहिल्या. सगळ्या गल्लीचे शिवले, तेवढे एक राहिले.

त्या दुपारी मुलाने मित्रांना दाखवायला बटणची साखळी सोडली आणि सगळे चहाला निघून गेले. "आई, बटण मोकळा आहे गं," तो जाता जाता ओरडला. "हो," मी म्हणाले. शाळा उघडायला चार दिवस उरले होते आणि माझ्यासमोर फ्रॉकांचा ढीग होता. एवढी शिवण संपवते आणि उठते, असे मनाशी म्हटले. खोलीचे दार सताड उघडे होते.

ड्रायव्हरचे कुटुंब येऊन आठच दिवस झाले होते. साडेतीन वर्षांची मुलगी त्यांच्या पायरीवर बसून स्वतःचे बूट घालत होती, उजवा डाव्या पायात. तिने कुत्र्याला डिवचले नाही, दगड मारला नाही, तिच्या हातात खाऊही नव्हता. हे मी माझ्या जागेवरून पाहिले आहे. पुढे कोणी वेगळे सांगितले तर ते खोटे समजावे.

मी धावत जाऊन कात्रीच्या मुठीने मारून त्याला सोडवेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते. गाल आणि कान मिळून सतरा टाके पडले, हे मागाहून कळले. तिची आई तिला छातीशी धरून, मिळेल त्या गाडीने इस्पितळात गेली.

ह्यांनी बटणला घरात ओढले. हे सोसायटीचे सचिव होते, आणि मुलाची नोकरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. "केस झाली तर पोराचं आयुष्य गेलं," हे म्हणाले. "पट्टा काढ त्याचा." बक्कल अडकले होते. मी पट्टा कात्रीने कापला. मग आम्ही बटणला मागच्या दाराने रस्त्यावर सोडले.

नगरपालिकेची गाडी आली तेव्हा अधिकाऱ्याने विचारले, "मालक कोण?"

गल्लीत वीसेक माणसे उभी होती आणि सगळ्यांना माहीत होते. हे म्हणाले, "भटका आहे. आम्ही कधीमधी तुकडा घालतो." वीसच्या वीस माणसांनी ऐकून घेतले.

बटण कुत्रे पकडायच्या फासाला सापडेना. सवयीने माझ्या तोंडून गेले, "बस." तो बसला.

अधिकारी माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, हा तुमचं ऐकतो."

"खायला घालणाऱ्याचं सगळेच ऐकतात," मी म्हणाले.

हे वाक्य माझे आहे. ते मला ह्यांनी पढवलेले नव्हते.

कागदावर बेवारस असे लिहिले गेले. बेवारस जनावर ते फार दिवस ठेवत नसत. तिसऱ्या दिवशी बटण संपला. मुलीला इंजेक्शने घ्यावीच लागली, त्याला इलाज नव्हता. पण कुत्र्याला लस टोचलेली होती, वेळच्या वेळी टोचलेली होती, आणि हे त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. कार्ड माझ्या मशीनच्या खणात होते.

माझ्या खिडकीतून मला दिसायचे. तिची आई थोड्या थोड्या वेळाने तिच्यापुढे पाण्याचा पेला धरायची. पिसाळलेला कुत्रा चावला की माणूस पाण्याला भितो, असे तिला कोणी सांगितले होते. पोर पाणी प्यायली की ती बाई भिंतीला टेकून खाली बसायची. तासाभराने पुन्हा पेला. असे महिनाभर चालले.

एका सकाळी ती माझ्या दारात आली. चप्पल बाहेर काढून उभी राहिली. "ताई, कोणीतरी म्हणालं, तो तुमच्याकडचा होता. मला भांडायचं नाही. त्याला लस टोचली होती का, एवढंच सांगा."

हे आतून म्हणाले, "आमचा नाहीच, तर लस कुठली?"

मी मशीनवर होते. मी पाय दाबला. मशीनचा आवाज सुरू झाला की बोलता येत नाही. शिवण संपली तरी ती उभीच होती, म्हणून मी दुसरे कापड घेतले. मग ती गेली. दोन महिन्यांनी त्यांनी घर सोडले.

साखळी मुलाने सोडली, खोटे ह्यांनी सुरू केले, हे खरे. पण दोघांच्या आड मी लपू शकत नाही. नाव माझे होते, दार माझे होते, आणि ज्या एका शब्दाने हे सगळे मिटले असते तो शब्द माझ्याजवळ होता.

कलम चार. लशीचे कार्ड. हे मी कोणासाठीही ठेवत नाही, कारण ते मी गेल्या वर्षी स्वतः नेऊन दिले. काजे करणाऱ्या बाईने त्या आईचा पत्ता शोधून काढला. ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मी सांगितले ते तिने भाजी चिरता चिरता ऐकले.

"तुमचा होता हे मला तेव्हाच कळलं होतं, ताई," ती म्हणाली. "सगळी गल्ली आमच्याशी एकदम गोड बोलायला लागली, तेव्हाच."

"मग तक्रार का नाही केलीस?"

"लेकराजवळ बसू की कचेऱ्या करू?"

मग हात पुसून तिने कार्ड घेतले. तारीख दोनदा वाचली. "म्हणजे काहीच होणार नव्हतं तिला," ती म्हणाली. "मला झोप लागली असती हो."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने मला पाणी विचारले.

मुलगी आता विजेचे मीटर तपासायचे काम करते. दारोदार जावे लागते. फाटकाआत कुत्रा असला की ती बाहेरून ओरडते, "कुत्रा बांधा!" आणि आतून लोक म्हणतात, "काही करत नाही तो." मग ती रस्त्यावर उभी राहते, बांधेपर्यंत.

मी खोलीचे बोलले तेव्हा तिची आई म्हणाली, "ती घेणार नाही."

"मग काय करू?"

"द्या तरी. नको म्हणू दे तिला. आजवर नको म्हणायलासुद्धा तिला कोणी काही दिलं नाही."

म्हणून देत आहे. तिने घेतली तर खोलीत काय करायचे हे तिने ठरवावे. तिने नाकारली तर ती सांगेल त्याला जावी. ती काहीच बोलली नाही तर वकिलांनी थांबावे, घाई करू नये. कुठल्याही परिस्थितीत ती खोली माझ्या मुलाकडे जाऊ नये. तिला माझ्या तसबिरीपुढे आणून उभे करू नये, माझ्या वतीने माफी मागू नये.

कलम पाच. मुलास. बाळा, मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, "आई, छकुलीसाठी कुत्र्याचं पिल्लू आणलंय." तुझी मुलगी चार वर्षांची आहे. मी फोनवर काहीच बोलले नाही. तुला वाटले लाइन गेली. तू कुत्रा पाळू नकोस, असे मी म्हणत नाही. बटण आला त्या दिवशी आपल्या घरात जेवढे हसणे झाले तेवढे पुन्हा झाले नाही. पण वरच्या खोल्या तुला मिळतील त्या या अटीवर की परवाना तुझ्या नावावर काढशील, साखळी स्वतः बांधशील, तोंडाची जाळी पहिल्या आठवड्यात आणशील, आणि कोणी विचारले की कुत्रा कोणाचा, तर मोठ्याने सांगशील. अशी अट कायद्यात टिकत नाही, असे वकील म्हणतात. मला माहीत आहे. तरी लिहिली आहे.

बँकेत जे आहे त्यातून माझे शेवटचे करावे. जे उरेल ते मुलाने घ्यावे. सगळे वकिलांच्या देखरेखीखाली व्हावे. मला आता जास्त लिहवत नाही.

स्थळ: माझी शिवणाची खोली. वेळ: महिन्याचा दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. सही मी खालील दोघांसमोर केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. मला तपासून मी भानावर असल्याचा दाखला त्यांनी सोबत जोडला आहे.

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले, वय एक्क्याऐंशी. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर नाही, हे त्यांना समजावले होते. त्यांनी तरीही वाचून दाखवायला लावले. मग सहीखाली आपल्या हाताने एक ओळ घातली. ती कोणी खोडू नये.

"सही बघितली. कुत्रा यांचा होता. तेव्हा मी तिथे उभा होतो आणि बोललो नाही."