बावीस अंशांचा सापळा

४ ऑगस्ट, सोमवार
एम.टेक. एरोस्पेसचं दुसरं वर्ष आजपासून सिरियसली. आमच्या गाइड दीप्ती मॅडम म्हणाल्या की जानेवारीत बंगळुरूच्या एका विमान कंपनीत सहा महिन्यांसाठी एकच विद्यार्थी जाईल. नोव्हेंबरच्या प्रेझेंटेशनवरून ठरेल. ‘एकच’ म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. शेजारी बसलेल्या सम्यकचं म्हणणं, मी घड्याळाखाली बसलो होतो.
संकल्प : रोज सकाळी सातला विंड टनेल.

५ ऑगस्ट, सकाळी ९.४०
संशोधनाला मेंदू ताजा लागतो. उद्यापासून.

११ ऑगस्ट
पंखाचं मॉडेल टनेलमध्ये लावलं. वारा सोडायचा, मॉडेल एकेक अंशाने तिरपं करत न्यायचं आणि कितव्या अंशाला पंख दगा देतो, म्हणजे उचल एकदम कोसळते, ते टिपायचं. माझा चौदाला कोसळला. ऐतिहासिक आकडा. लॅबचे सहदेवकाका म्हणाले, गेल्या वर्साच्या झिलाचो पण चौदाकच पडलेलो. म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलाचाही चौदालाच. काकांना विज्ञान कळत नाही.

२२ ऑगस्ट
सम्यकने विचारलं, तुझे रीडिंग्ज किती झाले रे.
हा विक्रोळीचा मुलगा गेट परीक्षेच्या अभ्यासापासून माझ्यासोबत आहे. मुलुंडला आमच्या घरी आईची थालीपिठं खात आम्ही दोघांनी एकाच पुस्तकातून पेपर सोडवले. तीन वर्षांत कधी असं विचारलं नाही. आजच का?

२ सप्टेंबर
गणपतीत अभ्यास होत नाही हे जगमान्य आहे. सहदेवकाका गावाला. जाताना लॅबची किल्ली सम्यककडे देऊन गेले, माझ्याकडे नाही. सम्यक रोज टनेलवर असतो म्हणे, सुट्टीतही. त्याच्या मॉडेलच्या कपाटातच माझं मॉडेल आहे.
झोप लागली नाही. म्हणजे दुपारची.

१० सप्टेंबर
योजना तयार. आमच्या लॅबचा नियम असा की प्रत्येकाने आपले आकडे कॉमन ड्राइव्हवर ठेवायचे. म्हणजे चोराला आयतं ताट वाढून. म्हणून आज माझ्या फाइलमध्ये चौदाचे बावीस केले, आजूबाजूचे आकडेही ग्राफ गुळगुळीत दिसेल असे बदलले. आता जो कोणी बावीस म्हणेल, तो चोर.
खरे आकडे कुठेही लिहिलेले नाहीत. कागद फाडला. सगळं पाठ आहे.

१९ सप्टेंबर
आमिष कोणी गिळलं का ते तीनदा उघडून बघितलं. सम्यक नेहमीसारखा वागतोय. मुरलेला दिसतो.

६ ऑक्टोबर
सम्यकने चहाला हाक मारली. गेलो नाही. नंतर एकटा जाऊन प्यायलो. चहा नुसता गरम होता.
आई म्हणाली, सम्यक हल्ली येत नाही. मी म्हटलं, माणसं ओळखायला शिक. तिने विचारलं, तू टनेलला शेवटचा कधी गेलास. मूळ मुद्दा तो नाही.
खरं सांगायचं तर त्रास होतो. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

२४ ऑक्टोबर
दिवाळी संपली. पाठ आकडे म्हणून बघितले. सहा अंशांपर्यंत पक्के. पुढचे ऐन वेळी आठवतील.

१७ नोव्हेंबर, सोमवार
स्लाइड्स एका बैठकीत पूर्ण. घाईत ग्राफ सरळ ड्राइव्हवरून उचलला. झकास दिसतोय. इतका गुळगुळीत ग्राफ आमच्या बॅचमध्ये कोणाचा नसेल.

१८ नोव्हेंबर
प्रेझेंटेशन. मॅडमनी विचारलं, पंख कुठे कोसळतो. मी स्क्रीनकडे बघितलं. बावीस. आधी वाटलं, सापडला चोर. मग लक्षात आलं की स्लाइड माझी आहे.
मॅडम म्हणाल्या की हा साधा सरळ पंख बावीसपर्यंत टिकत नाही, कच्चे आकडे दाखवा. मी म्हणालो, माझ्या आकड्यांत फेरफार झालाय. त्यांनी विचारलं, कोणी केला. मी नुसतं सम्यककडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. तो खाली बघत पेनचं टोपण लावत-काढत राहिला.
मॅडमनी कॉम्प्युटर सेंटरकडून फाइलची हिस्ट्री मागवली. मी म्हटलं, मागवाच.

२० नोव्हेंबर
बंगळुरूला सम्यक.
वाट लागली. बाबांना सांगितलं की राजकारण झालं. ते पेपर वाचत राहिले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हिस्ट्री आली. मॅडमनी सम्यकसमोरच वाचली. फाइल एकूण एक्केचाळीस वेळा उघडली गेली. एक्केचाळीसही वेळा मी. बदलली एकदाच, तीही मीच. सम्यकने एकदाही उघडली नाही. कोणीच नाही. दोन महिने मी राखण करत बसलो आणि चोरावंसं कोणाला वाटलंच नाही.
खाली सम्यक भेटला. म्हणाला, मी रीडिंग्ज विचारले ते माझा टनेलचा स्लॉट तुला द्यायला रे, तुझे कमी पडत होते ना. मला सॉरी म्हणायचं होतं. मी म्हणालो, तुझ्या स्लॉटची मला गरज नव्हती. तो बरं म्हणाला.
बस भरलेली असली की तो नेहमी माझ्यासाठी दुसरीची वाट बघतो. आज पहिलीलाच लटकून गेला.
विश्वासघात कोणी केला ते सविस्तर लिहायला वही उघडली होती. तासभर झाला. आई जेवायला बोलावते आहे.