खडी गंमत म्हणजे स्टँडिंग जोक

मुक्काम वडसा

ती. भैयाजीभाऊंच्या पायांवर धाकट्या लच्छूचं डोकं. इकडे सारे धडधाकट, धानाची कापणी झाली, वच्छलाचा खोकलाही गेला. तुम्हाला नागपूरची हवा, वकिली आणि सासरची माणसं तिन्ही मानवत असतील असं धरून चालतो.

आता माझी लढाई ऐका. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दरसाल आमची खडी गंमत होते (उभ्यानं नाचून-गाऊन हसवायचा आपला खेळ, आठवत असेल), तर यंदा म्हणे परवानगी पाहिजे आणि अर्ज इंग्रजीत पाहिजे. (साहेब नवे, दक्षिणेकडचे. मराठी येत नाही, हिंदी येते पण ती आपल्याला कळत नाही.) कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या हाफिजभाईंनी खडीला 'स्टँडिंग' आणि गमतीला 'जोक' असं चोख लिहून दिलं. साहेब कागद वाचून खुर्चीत ताठ झाले. म्हणाले (हाफिजभाईंनी मराठीत सांगितलं), याचा अर्थ, ज्याला सारा गाव वर्षानुवर्षं हसत आला तो. मी म्हटलं, "मंग बराबर हाये साहेब, थो मीच! बापाच्या जागी उभा रायतो."

हाफिजभाईंनी घाईघाईनं ते खोडून 'फन' लिहिलं. त्यावर तिघांची जुंपली. साहेब म्हणाले फन म्हणजे नुसती मौज, हाफिजभाई म्हणाले उर्दूत फन म्हणजे कला, आणि दारातला शिपाई मुखरू ओरडला, "फन तं नागाले रायते! सापाचा खेळ असन तं जंगल खात्याले इचारा." मग 'प्रॅक्टिकल जोक' काढला (आपली गंमत सांगायची नसते, करून दाखवायची असते म्हणून). तर त्याचा अर्थ निघाला, दुसरा बसताना मागून खुर्ची ओढणं. मी साहेबांच्या खुर्चीपासून जरा लांब सरकलो.

शेवटी साहेब म्हणाले, 'ड्रामा' लिहा, आत्ता सही करतो. नाही लिहिलं. भाऊ, ज्या भाषेला उभ्यानं हसवणं ठाऊक नाही तिच्यासाठी मी आपल्या बापाच्या, दादांच्या खेळाचं नाव बदलू? नाटकाला पडदा लागतो, आम्हाला लपायला काही लागत नाही. तोंडावर सांगितलं तसं. (हाफिजभाई बाही ओढत होते.) परवानगी मिळो न मिळो, लच्छू मंडईत उभा राहणार. चौकीत नेलं तर तिथं उभा राहीन. कुणाला भीत नाही, कुणाची मदत मागत नाही.

वहिनींना नमस्कार, लेकरांना माझ्या वाटच्या गुदगुल्या करणे.

तुमचा
लच्छू

ता. क. साहेब सोमवारी संध्याकाळी तालीम बघायला येणार आहेत. हसू आलं तर सही, नाही तर खेळ बंद. पण मराठी न येणाऱ्याला हसू यावं कसं?

आणखी ता. क. तुम्ही त्यांच्या शेजारी बसाल का? शब्दांचे अर्थ सांगू नका, फक्त हसा, तुमचं बघून तेही हसतील. वकील झाल्यापासून तुम्ही आमच्या खेळाला आला नाहीत, दादांच्या शेवटच्याही नाही, ते मी मनात धरलेलं नाही. खोटं बोललो, धरलेलं आहे. सोमवारी दुपारच्या गाडीनं या. आणि हसू आलंच नाही, तर साहेबांना इंग्रजीत एवढंच सांगा की हा माझा भाऊ आहे.