बठ्ठा कोपरा बोलनात का?

पिंप्राळा, जळगाव
रविवार

प्रिय हेमलता,

अगं, तीन तासांचं काम सदतीस मिनिटांत! दवाखान्यांच्या नोंदींचा बॅकअप एकेक तक्ता उचलत रांगायचा, तू चार प्रोग्राम एकदम कामाला लावलेस. धुळ्याहून तुझा बदल माझ्याकडे तपासायला आला आणि मी खुर्चीतून उडालेच. अम्मीने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाचं लग्न ठरलं गं?" म्हटलं, हेमलताने कमाल केली! शुक्रवारी मंजुरी देऊनही टाकली.

आज सकाळी मात्र चैन पडेना. घेतलेला बॅकअप रिकाम्या मशीनवर परत भरून पाहिला. किती भरभर भरत होता, तू बघायला हवं होतंस! पण त्या चौघांतला तिसरा प्रोग्राम जागा संपून मध्येच बंद पडला, आणि पडद्यावर तरी 'काम पूर्ण'. कुणाला कोणतं औषध चालत नाही, त्या तक्त्यात निम्मेच रुग्ण. चौघं थांबले का, एवढंच आपण विचारतो. काम संपवून थांबले की अडकून, ते विचारतच नाही. आणि उद्या दुपारी हा बदल बाराही दवाखान्यांत जाणार होता.

तुझ्या कस्तुराताईच्या लग्नात आमच्या अब्बांनी मांडव घातला, आठवतं? चार कोपऱ्यांवर चौघं. अब्बा मध्ये उभे राहून ओरडायचे, "बठ्ठा कोपरा बोलनात का?" सगळे कोपरे बोलले की मगच कापड वर चढायचं. त्या दिवशी तिघं बोलले, मगनभाऊ गप्प. दोर हातात धरून बिडी ओढत बसले होते, खांब बांधलाच नव्हता. वऱ्हाड वेशीत आलं तरी अब्बांनी कापड चढवू दिलं नाही. हॉस्टेलवर वर्षभर तू त्यांची नक्कल करायचीस. बस, आपल्याला तेवढीच हाक हवी आहे. प्रोग्राममध्ये चार-पाच ओळी, जास्त नाही!

फोनवर तू हसली असतीस आणि मी "काही नाही गं" म्हणून ठेवला असता. म्हणून लिहिते. मी माझी मंजुरी मागे घेतली आहे. उद्या ऑफिसची मेल येण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. परत भरून पाहिल्याशिवाय मी कुणाचाच बदल सोडत नाही. तुझा सोडला, कारण तो तुझा होता. कारणाच्या रकान्यात तेच लिहिलंय: 'तपासणी अपुरी, चूक अलफियाची.' अब्बा मांडवाचं सामान घेऊन धुळ्याला निघालेत, पत्र त्यांच्याच हाती देते. रागावली असशील तर त्यांना चहा तरी पाज. नसशील, तर उद्या पहिल्या बसने ये. त्या ओळी तू लिही, मी यावेळी चारही कोपऱ्यांवर जाऊन हलवून बघते.

तुझीच, थोडी घाबरलेली,
अलफिया