पडद्याचा डावा कोपरा

प्रिय बाबा,

आज वापीच्या त्या दुकानात पुन्हा गेलो होतो. एकटाच. परत आल्यापासून कोणाशी तरी बोलायचं आहे. आईशी बोलून पाहिलं, तर तिने तोंड फिरवलं. मग उरलात तुम्हीच.

आपला प्रोजेक्टर आता गेल्यात जमा आहे. पंखा घरघरतो, चित्र पिवळट पडलंय. तुम्ही गेल्यापासून आईने तो लावूच दिला नव्हता. परवा स्वतःहून म्हणाली, "नवीन घेऊन ये रे एखादा. रविवारचं घर खायला उठतं." रविवारी दुपारी खिडक्या लावून, झोपाळा कडेला बांधून सिनेमा बघायचा, हा तुमचाच कायदा ना! सगळा जन्म मालगाडीच्या इंजिनात गेला, एक सिनेमा धड पुरा बघायला मिळाला नाही, म्हणून निवृत्तीनंतर पहिली खरेदी ही केलीत.

कुरकुर कशी सुरू झाली, आठवतं? "संजू, डावीकडचा कोपरा विझलाय रे." मी लेन्स पुसली, जाळीतली धूळ झटकली. तरी तुम्हाला तिथे काळंच. चित्र मलाही मंद दिसायचं. जुना दिवा, दिसणारच! दिवा संपत आलाय, असं म्हणून मी मोकळा झालो.

आणि तुमच्या डोळ्यांवर शंका घ्यायची कोणाची छाती होती? रेल्वेने नोकरीभर तपासून 'ए-वन' ठरवलेले डोळे! "मी सिग्नल बघणारा माणूस आहे," हे पाहुण्यांनाही तोंडपाठ झालं होतं. निवृत्तीबरोबर ती तपासणीही संपली, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ताटात डाव्या बाजूला वाढलेली कोशिंबीर तशीच राहायची. आई रुसायची, "ह्यांना माझ्या हातचं आवडेनासं झालंय." तुम्ही बिचारे म्हणायचात, "वाढलीच कुठे होतीस?" आम्ही हसायचो हो बाबा. चक्क हसायचो.

मग वापीच्या दुकानातला तो शनिवार. दुकानदाराने किती हौसेने एकेक लावून दाखवला! एक दिव्याचा, एक लेझरचा, एक भिंतीला चिकटून ठेवायचा. मी पडद्यापासूनचं अंतर, उजेड, आवाज सगळं वहीत लिहून नेलं होतं. पहिला लावला. तुम्ही म्हणालात, "छान आहे, पण डावीकडे काळा आहे." दुसरा लावला. "हाही तसाच." तिसऱ्याला तुम्ही नुसती मान हलवलीत.

तीन वेगवेगळ्या मशिनी आणि तिन्हींचा एकच कोपरा काळा! तलासरीच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो मी. मला कळू नये?

मला राग आला होता. गाडीत मी काय काय बोललो! "तुम्हाला घ्यायचाच नाहीये. नुसती खोट काढायची. माझी सुट्टी वाया घालवलीत." तलासरी मागे पडलं. चारोटीला आलो तेव्हा एवढंच म्हणालात, "गाडी घे बाजूला. मी रिक्षाने जाईन डहाणूला." रिक्षा हायवेच्या पलीकडे उभ्या होत्या. मी अडवलं नाही. खालीसुद्धा उतरलो नाही.

तुम्ही दुभाजकापर्यंत पोचलात. टेम्पो डावीकडून आला.

टेम्पोवाला रमण तलासरीजवळच्याच पाड्यावरचा. तुमचं डोकं मांडीवर घेऊन तो रस्त्यात बसला होता, आणि मी त्याची गचांडी धरली. तो रडत एकच सांगत होता, "बाबा थांबलं, माझ्याकडं बघितलं, नि मग चालाया लागलं. मी खोटा नाय बोलत, सर." मी पोलिसांना लिहून दिलं की माझे वडील इंजिन चालवायचे, त्यांची नजर उत्तम होती, हा माणूस खोटं बोलतोय. खाली सही केली. केस अजून चालू आहे. त्याच्या हातात टेम्पो कोणी देत नाही. शाळेत जाताना नाक्यावर दिसतो, दुसऱ्याच्या गाडीत विटा भरत असतो. मला बघितलं की खाली बघतो.

आज दुकानदाराने मला ओळखलं. तेच तीन प्रोजेक्टर लावले. चित्र चारी कोपऱ्यांपर्यंत लख्ख! तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी अंकल काळं काळं बोलत होते ना, म्हणून तुम्ही गेल्यावर मी तिन्ही पीस चेक केले. काय पण नव्हतं. अंकलचे डोळे दाखवले का मग?"

त्याला तुम्ही गेल्याचं माहीतच नव्हतं. तसाच बाहेर आलो. प्रोजेक्टर घेतला नाही.

तुम्हाला नक्की काय झालं होतं, हे आता कोणी डॉक्टर सांगू शकणार नाही. पण रमणने सांगितलं ते खरं होतं. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, आणि तो तुम्हाला दिसला नाही.

आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना नाव ठेवतोस? आयुष्यात एक लाल सिग्नल चुकला नाही त्यांचा!" तिचं खरं आहे, बाबा. म्हणून तर आधी तुम्हाला लिहितोय. तुमच्याकडे अभिमानाची एकच गोष्ट होती, आणि ती मी चारचौघांत काढून घेणार आहे. तुम्ही मला माफ कराल? रमणच्या बाबतीत कराल, असं वाटतं. त्या गाडीतल्या बोलण्याबद्दल करू नका.

तुम्हाला शब्द देतो. सोमवारी रजा टाकून डहाणूच्या कोर्टात सरकारी वकिलांना भेटतो आणि माझा जबाब बदलतो. माझ्या वडिलांना डावीकडचं दिसत नव्हतं, असं स्पष्ट सांगतो. ते विचारतील, मग आधी का नाही बोललात? खरं तेच सांगेन. बाबा सांगत होते, मी प्रोजेक्टर बघत होतो.

तुमचा,
संजू