वैरागडे बो

१ जानेवारी १९७८
नव्या वर्षाचा संकल्प एकच. या वर्षी एकही दात काढायचा नाही. मी दात काढणारा नाही, दात सरकवणारा आहे. मुंबईला एवढी वर्षं घासली ती काय पकडीनं दाढा उपटायला? ‘ऑर्थोडाँटिस्ट’ हा शब्द पाटीवर लिहिताना पेंटर दोनदा चुकला, तेव्हाच कळलं नागपूरला माझी किती गरज आहे ते.

३ जानेवारी
दाढ काढली. एक. काटोलकडचे शेतकरी, रुपराव, गाल सुजून पपईएवढा. दात हाडातून हळूहळू कसा सरकतो, ते त्यांना अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून म्हणाले, ते समदं खरं गा डॉक्टर, पण याले सरकवत सरकवत बाहेरच काढ ना. हा अपवाद. संकल्प उद्यापासून.

९ जानेवारी
उपकरण तयार! दोन वर्षांचं काम. तोंडात तार, ती गालांवरून मागे, मानेमागे लाल मखमली पट्टा, पट्ट्याला दोन स्प्रिंगा. स्प्रिंगा ओढतात, दात मागे जातात. परदेशी पुस्तकांत असं असतं, पण स्प्रिंग माझी. देवाजींनी वळून दिल्या. ते हार्मोनियम दुरुस्त करतात, पण हात काय आहे! तार धनुष्यासारखी वाकवलेली, म्हणून इंग्रजीत नाव ठेवलं ‘वैरागडे बो’. रुख्मिणीला दाखवला. तिनं विचारलं, हे घालून झोपायचं कसं? बायकोनं शास्त्रात पडू नये.

१६ जानेवारी
पेशंट मिळाली! गोपिका, वय अकरा, पोस्टातल्या मनोहररावांची मुलगी. वरचे पुढचे दात बाहेर आणि मधे तीन मिलिमीटरची फट. इतकी सुंदर फट पुस्तकाबाहेर पाहिली नव्हती. दातांचे प्लास्टरचे साचे घेतले, बो बसवला. शाळेतून आल्यावर घालायचा तो थेट सकाळी काढायचा. आई प्रेमिलाबाई म्हणाल्या, पोरगी भेली ना जी हे पाहून. मी हसलो. पोरगी हसली नाही.

१३ फेब्रुवारी
फट तीन मिलिमीटर. जशीच्या तशी. हाड विचार करून राहिलं असेल. बो मात्र नव्यासारखा चकचकीत. किती निगा ठेवते पोर!

२० मार्च
मुंबईच्या दंतवैद्य परिषदेचं पत्रक आलं. नोव्हेंबरात. अध्यक्ष कोण, तर आमचे सर. तेच, ज्यांनी तोंडी परीक्षेत सगळ्यांदेखत सांगितलं होतं, वैरागडे, तुम्ही सायकलचं दुकान काढा. नऊ वर्षं झाली, अजून डोळा लागता लागता आठवतं. आता त्यांच्यासमोर उभा राहून वैरागडे बोवर पेपर वाचणार. ऑगस्टअखेर पाठवायचा आहे. तोवर गोपिकाचे दात सरकले पाहिजेत. सरकतीलच.

१७ एप्रिल
अडीच!! दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा पावणेतीन आलं, ते धरलं नाही. गोपिकाला विचारलं, रोज घालतेस ना? म्हणाली, एक दिवस नाही चुकला जी. डोळ्यांत पाहून म्हणाली. खोटं बोलणारी पोर नाही ही.

१ मे
दोन दाढा. दवाखान्याचं भाडंही द्यावं लागतं. या संकल्पात धरत नाही.

२६ जून
दीड. मे महिन्याच्या त्या उकाड्यात मखमली पट्टा मानेला बांधून निजलेली ती पोर डोळ्यांपुढे आली आणि खरंच भरून आलं. असे पेशंट आहेत म्हणून विज्ञान पुढे जातं.
तिचे वरचे सुळेही उतरून राहिलेत. सुळे उतरताना अशी फट आपोआप मिटते, असं पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. सर्वसाधारण मुलांचं असेल ते.

१४ ऑगस्ट
फट बंद! मधून कागद जात नाही. रुख्मिणीला ओरडून सांगितलं. ती म्हणे, शेजारच्या कांताबाईच्या पोरीचीही मिटली की, तिनं तर काहीच घातलं नव्हतं. पण कांताबाईच्या पोरीचे साचे कोणी घेतले होते का? मग? पुरावा नाही.

२८ ऑगस्ट
पेपर रजिस्टर पोस्टानं रवाना. बावीस पानं, सहा फोटो. यशाचं श्रेय ‘रुग्णाच्या अखंड सहकार्याला’ दिलं. आपण कृतघ्न नाही. सायकलचं दुकान म्हणे!

३० ऑगस्ट
मोहल्ल्यातल्या मंडळाचे गणपतराव आले होते. रविवारी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून आणतात, नंबर काढायला परीक्षक पाहिजे. कीर्ती पसरून राहिली. गणपतराव म्हणाले, बाकीच्या डॉक्टरांले टाइमच नाही, तुमच्याकडे गर्दी नसते. साधा माणूस आहे, कौतुक कसं करावं ते कळत नाही.

३ सप्टेंबर, संध्याकाळ
लिहायला हात होत नाही. पण लिहितो.
चाळीसेक नंदी होते. झुली, माळा, शिंगांना बेगड. सतराव्या नंबरवर गोपिका. तिच्या नंदीच्या तोंडात वैरागडे बो. तार गालांवरून मागे, पट्टा मानेमागे, स्प्रिंगांना घुंगरं. आणि बसला होता काय नेमका! दुसऱ्या परीक्षक, शाळेच्या अंजनाबाई, म्हणाल्या, बैलाच्या तोंडाला इतकी देखणी मोरकी मी जन्मात नाही पाहिली. दहापैकी दहा. मी काय करू? मीही दहा दिले. पहिला नंबर.
मग गोपिकाला बाजूला घेऊन विचारलं, कधीपासून? म्हणाली, पहिल्या दिवसापासून जी. मले रातभर टोचे. फेकाले जीव नाही झाला, तुम्ही इतकं मन लावून केलं होतं. म्हणून नंदीले घातलं. एक दिवस नाही चुकला. तुमच्याकडे यायचं राहे त्या दिवशी तेवढं मी घालून येत होती.
आणि हसली. सरळ, एकाला एक लागलेले दात. त्यात माझा काडीचाही हात नाही. सगळं त्या सुळ्यांनी केलं, पहिल्या धड्यात लिहिल्याप्रमाणे. लाज वाटली. तरी पोरीवर रागावता आलं नाही.

४ सप्टेंबर
रुख्मिणीला सांगितलं. वाटलं होतं हसेल. हसली नाही, चहा ठेवला. त्यानं जास्तच वाईट वाटलं.
पेपर पोचलाच असेल. गप्प बसलो तर कोणाला कळणार? नंदी काही मुंबईला जाऊन सांगत नाही.

५ सप्टेंबर
सरांना पत्र लिहिलं. पेपर मागे घेतो, रुग्णाने उपकरण वापरले नाही. दोन ओळी लिहायला पूर्ण सकाळ गेली. स्वतः जाऊन पेटीत टाकलं, आणि हात आत तसाच ठेवून थोडा वेळ उभा राहिलो.
परत आलो तर दवाखान्यात बसायला जागा नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सहा बाया, सहा पोरं, प्रत्येकाच्या काखेत लाकडी नंदी. पुढच्या पोळ्याले आमच्याही नंदीले तशीच मोरकी करून द्या म्हणाल्या, आत्तापासून सांगून ठेवतो. एक बाई बाहेर जाऊन पाटी वाचून आली आणि तिनं विचारलं, काहून जी डॉक्टर, तुम्ही माणसांचे दातही पाहता काय?
पाहतो म्हणालो. मग तिच्या नंदीचं माप घेतलं.