शिवाच्या जन्माची नोंद

१० फेब्रुवारी १९३६, सोमवार

जावई आले. न कळवता! पणजीकडच्या आगबोटीतून उतरले, बरोबर शिवा. येत्या शिवरात्रीला अठरा पूर्ण होतील पोराला. उंची बापाची, नाक माझ्या मथूचं.

काम असं — मुंबईच्या एका बोटकंपनीने शिवाला खलाशी म्हणून घ्यायचं कबूल केलंय, पण ब्रिटिश प्रजा असल्याचा दाखला हवा. बाप गलबतावरचा तांडेल, पेडण्याचा, म्हणजे पोर्तुगिजांची प्रजा. पण पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने शिवा जन्मला रत्नागिरीत, माझ्याच घरात. दाखला महिनाअखेर पोचला नाही तर जागा दुसऱ्याला.

११ फेब्रुवारी

जावयांना, सखारामरावांना, घेऊन कचेरीत गेलो. कारकून भिकाजी माझा जुना विद्यार्थी. उठून खुर्ची दिली. शेजारच्या टेबलावरचा फटकन म्हणाला, "बाप परका, मग पोरगा आपला कसा?" भिकाजीने त्याला गप्प केलं. "कायदा बाप बघत नाही, जागा बघतो. मास्तरांच्या घरात जन्मला ना? मग झालं तर!"

मग १९१८ सालचं जन्माचं बुक काढलं. नाव नाही! असेल कसं? नोंदवायला मी गेलोच नव्हतो.

हौसा सुईण साक्षीला चालली असती, ती चार वर्षांपूर्वी वारली. माझी बायको त्याच्याही आधी. आजोबाचा नुसता शब्द साहेब मानायचे नाहीत. त्या वेळचं लेखी काहीतरी हवं.

"मास्तर, तुम्ही तर रोजनिशी लिहायचात! आम्हालाही लिहायला लावायचात."

"अठरा सालची वही वाळवीने खाल्ली," मी म्हणालो.

शिवाच्या धाकट्या दोन भावंडांचंही विचारून घेतलं. ती पेडण्यात जन्मली, त्यांचं काही होणार नाही म्हणाला. विहीणबाईंनी मथूला पुढे बाळंतपणाला धाडलंच नाही, त्याचं हे फळ!

१२ फेब्रुवारी

वही पेटीत आहे. वाळवी तिच्या वाटेला गेलेली नाही.

१४ फेब्रुवारी

दाढी करायला आत्माराम न्हाव्याकडे. बातमी माझ्या आधी तिथे पोचलेली. आत्माराम म्हणतो, "मास्तर, गाय कुनाच्या पन गोठ्यात व्याली तरी वासरू धन्याचाच." बाकावरून सदू ओरडला, "नि गाय आमची हाय ती?" सगळे हसले. मी हसलो नाही. गालावर वस्तरा होता.

अठरा वर्षांपूर्वी मीही आत्मारामसारखंच बोललो असतो. बोललो नाही, लिहून ठेवलं.

१७ फेब्रुवारी

पान काढून वाचलं. जसंच्या तसं उतरवतो —

"महाशिवरात्र. पहाटे मथू सुटली. मुलगा. तांडेलाचं पोर, परमुलखाचं. आपल्या गावच्या बुकात नाव कशाला? महिन्या-दोन महिन्यांत जाईलच तिकडे. एवढी शिकवलेली मुलगी, तिचा जन्म वाया गेला."

मथूच्या लग्नाचा शब्द बायकोने तिच्या पेडण्याच्या भावाला, त्याच्या मुलासाठी, दिला होता. मला शिकलेला जावई हवा होता. राग कुणावर, काढला कुणावर! एका दिवसाच्या पोरावर!

सखारामराव मागीलदारी विहिरीचा रहाट दुरुस्त करताहेत. मी सांगितलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

ओळी खरवडाव्यात? खाडाखोड कचेरीत चालायची नाही. खाडाखोडीला मीच भिकाजीचे गुण कापत असे.

१९ फेब्रुवारी

वही दिली. वाळवीचं खोटं बोललो, तेही सांगून टाकलं. भिकाजीने साहेबांपुढे पान मोठ्याने वाचलं — वाचावंच लागतं. सखारामराव शेजारी उभे, टोपी हातात. शिवा दाराशी. शेवटची ओळ वाचून भिकाजीने वही मिटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना शिवा पुढे चालत होता. जावई हळूच म्हणाले, "मामानू, खोटां काय लिवलात? तांडेलच होतंय मी." थोडं चालून पुन्हा — "पन पोराचा नाव तेवडा लिवूक व्हया होतां."

२८ फेब्रुवारी

दाखला मिळाला! जन्माने ब्रिटिश प्रजा. शिवा आजच्याच बोटीने मुंबईला गेला. पाया पडला. "आजोबा, येतो," म्हणाला. त्याला घेऊन गेलेला पडाव दूर उभ्या आगबोटीला लागेपर्यंत मी बंदरावर उभा होतो. जावई उद्या पेडण्याला जातील.

मथूला सगळं लिहून कळवलं. त्या पानाची नक्कलही घातली. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

९ मार्च

मथूचं उत्तर आलं.

"आप्पा, नक्कल धाडायची गरज नव्हती. बाळंतीण होते तेव्हाच ते पान मी वाचलं. वही माझ्याच उशाच्या फडताळात असायची, आणि वाचायला तुम्हीच शिकवलं होतंत. पुढे दोन्ही बाळंतपणांच्या वेळी सासूबाईंनी माझी शिदोरी बांधली होती. मीच आले नाही."

आज इथे तरी धाकट्या दोघांची नोंद करतो. गोदा, जन्म १९२१, पेडणे. हरिश्चंद्र, जन्म १९२४, पेडणे.